रुईचं पान, लसणाचं तेल

कारंजा तालुक्यातल्या कामरगावाकडे, म्हणजे वऱ्हाडात, लेकराचा कान ठणकू लागला की जुन्या माणसांना धुऱ्यावरची रुई आठवते. पिकून पिवळं झालेलं पान तोडायचं, तूप लावून निखाऱ्यावर शेकायचं आणि पिळून कोमट रस कानात सोडायचा. रुई नसेल तर लसणाच्या पाकळ्या गोडेतेलात कढवायच्या.

आजीच्या बटव्यातल्या या औषधांचं कूळ जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले आहेत. कर्णशूळावर लसूण, आलं, शेवगा, मुळा, केळ यांचा रस कोमट करून घालायला सांगितलंय. बेलासारख्या झाडांच्या अठरा अंगुळांच्या काठीला कापड गुंडाळून, तेलात भिजवून ती पेटवायची आणि ठिबकणारं तेल धरायचं, ही ‘दीपिका तेला’ची कृतीही तिथलीच. तूप लावलेल्या पिवळ्या रुईपानाचा श्लोक पुढच्या संग्रहग्रंथांत येतो. कानात घालायचा झेंडूच्या पाल्याचा रस मात्र त्यामानाने नवखा, कारण झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा.

मग गुण कशाचा? लसूण ठेचला की त्यात ॲलिसिन तयार होतं. 1944 मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली या संशोधकांनी ते वेगळं करून त्याचा जंतुनाशक गुण दाखवला. पण ते घडवणारं विकर उष्णतेने निकामी होतं. अख्खी पाकळी कढत्या तेलात टाकली, तर ॲलिसिन फारसं बनतच नाही. शिवाय लेकरांचा ठणका बहुधा पडद्यामागचा असतो, आणि धड पडद्यातून थेंब पलीकडे जात नाही.

इस्रायलमध्ये 171 मुलांवर झालेल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लसूण, झेंडूसारख्या कॅलेंड्युलाची फुलं वगैरेंचे ऑलिव्ह तेलातले थेंब वापरले. तीन दिवसांत वेदना उतरली, पण त्यातला सुमारे 80 टक्के उतार नुसत्या वेळेचा होता. थेंबांच्या वाट्याला सातेक टक्केच आले.

म्हणजे झाडं बदलत गेली, तरी प्रत्येक कृतीत टिकलेली ऊब हाच तिचा भरवशाचा भाग. ती तर कानाबाहेरूनही देता येते: मिठाची किंवा ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायची, आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची, मग शेकायचं. पान तोडताना रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. कान वाहत असेल, तर आत काहीच घालू नये. अंगात ताप असेल किंवा कानामागे सूज दिसली, तर शेकत न बसता दवाखाना गाठावा.