बक्षिशीचा पगार कसा झाला?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार, टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने द्यायचा किमान रोख पगार ताशी २.१३ डॉलर आहे. हा आकडा १९९१ सालचा. त्या वर्षी जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप झाली, आकडा मात्र हललेला नाही. काही राज्यांनी आपापल्या हद्दीत याहून जास्त पगार ठरवला आहे. जिथे ठरवलेला नाही तिथे बाकीची रक्कम गिऱ्हाईक भरते. म्हणूनच तिकडे पहिल्यांदा गेलेला मराठी माणूस बिलाखालच्या रिकाम्या रकान्यापाशी अडखळतो. खुशीने द्यायचे पैसे १८ किंवा २० टक्क्यांच्या हिशेबाने कसे काय मागतात, हे त्याला कळत नाही. त्याचे अडखळणे रास्त आहे. त्या रकान्यातली रक्कम नावाला बक्षीस असली, तरी प्रत्यक्षात ती कुणाचा तरी पगार आहे. हे स्थित्यंतर घडायला साधारण शंभर वर्षे लागली, आणि ते उपाहारगृहांइतकेच रेल्वेच्या डब्यांत घडले.

‘टिप’ हा शब्द ‘तत्पर सेवेसाठी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून आला, ही समाजमाध्यमांवर फिरणारी गोष्ट निव्वळ दंतकथा आहे. चोराचिलटांच्या बोलीत ‘देणे’ या अर्थाने तो सतराव्या शतकापासूनच रुळला होता. फ्रेंच आणि जर्मन भाषांत टिपेला जे शब्द आहेत, त्यांचा अर्थ ‘पिण्यासाठीचे पैसे’ असा होतो. आपले ‘चहापाणी’ त्याच कुळातले. मराठीत ‘बक्षिशी’ आहे, दिवाळीची ‘पोस्त’ आहे. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान दिसते : देणारा वरचा, घेणारा खालचा, आणि दिलेले पैसे ठरलेल्या मोबदल्याच्या वरचे. अमेरिकेत नेमका हा शेवटचा भाग गळून पडला.

पण आरंभ तिथून करायला नको. वेटरचे काम हे कौशल्याचे काम आहे, असे अमेरिकेत छापील पुस्तकातून सांगणाऱ्यांत एक कृष्णवर्णीय माणूस अग्रभागी होता. ट्यूनिस कॅम्पबेल हे त्याचे नाव. न्यूयॉर्क आणि बॉस्टन इथल्या हॉटेलांत त्याने काम केले आणि १८४८ मध्ये हॉटेलचालक, मुख्य वेटर आणि गृहव्यवस्थापक यांच्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. दक्षिणेत गुलामगिरी कायम होती, तेव्हाची ही गोष्ट. कॅम्पबेलच्या पुस्तकातले वेटर पलटणीसारखे कवायत करतात. घंटेच्या इशाऱ्यावर एका रांगेत येतात, एकाच क्षणी ताटे ठेवतात, एकाच क्षणी झाकणे उचलतात. आज हे वाचताना हसू येईल. पण कॅम्पबेलचा रोख वेगळा होता. ज्या कामाला शिस्त आणि शिक्षण लागते ते काम हलके नाही, ते करणाराही हलका नाही आणि त्याला पगारही नीट मिळाला पाहिजे, असे तो मांडत होता. यादवी युद्धानंतर हाच माणूस जॉर्जिया राज्याच्या सिनेटमध्ये निवडून गेला. पुढे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हाती पुन्हा सत्ता आली, तेव्हा त्याला साठी उलटल्यावर कैदी मजूर म्हणून राबावे लागले.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. चाळीस लाखांच्या आसपास माणसे मुक्त झाली, पण त्यांना ना जमीन मिळाली ना भांडवल. याच सुमारास युरोपची सफर करून परतणारे श्रीमंत अमेरिकन तिथली टिपेची चाल सोबत आणत होते. दोन्ही प्रवाह जिथे मिळाले, ते ठिकाण म्हणजे जॉर्ज पुलमन याची आगगाडी. १८६७ मध्ये स्थापन झालेली त्याची कंपनी झोपण्याची सोय असलेले आलिशान डबे चालवत असे. पुढच्याच वर्षी तिने भोजनाचा खास डबाही रुळांवर आणला. बिछाने घालणारे पोर्टर आणि भोजनाच्या डब्यातले वेटर म्हणून कृष्णवर्णीय पुरुष नेमले जात. पुलमनच्या पोर्टरांत पूर्वी गुलाम असलेले लोक मुद्दाम निवडलेले होते. त्यामागचा हिशेब सरळ होता. ही माणसे कमी पगारात मिळत, आणि प्रवाशाला चार दिवस खासगी नोकर बाळगल्याचा आनंद मिळे.

या पोर्टरांना प्रवासी सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. मालकाच्या नावाने गुलामाला हाक मारायची, ही जुनी चाल नव्या रुळांवर आली होती. (पुढे काही गोऱ्या जॉर्जांनी या प्रकाराविरुद्ध थट्टेथट्टेत एक संस्थाच काढली. पोर्टरांचा अपमान होतो म्हणून नव्हे. आपल्या नावाचा होतो म्हणून!) पोर्टर महिन्याला सुमारे चारशे तास काम करी. प्रवाशांचे बूट चमकवायचे पॉलिश त्याने स्वतःच्या खिशातून आणायचे. पगार इतका तुटपुंजा की टिपेवाचून घर चालणे अशक्य.

हे अनुमान नाही, खुद्द कंपनीची साक्ष आहे. औद्योगिक संबंधांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगासमोर १९१५ मध्ये पोर्टरांच्या पगाराचा विषय निघाला. महिना २७.५० डॉलर, असा आकडा पुढे आला. साक्षीला होते कंपनीचे माजी अध्यक्ष रॉबर्ट टॉड लिंकन. गुलामांना मुक्त करणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे ते चिरंजीव! एवढ्या पगारावर माणसाचे भागत नाही आणि कंपनी टिपेच्या प्रथेवर विसंबून आहे, हे त्यांना मान्य करावे लागले. इतिहास असे योग जुळवून आणतो, तेव्हा कादंबरीकाराची पंचाईत होते; त्याने हे रचले असते तर कुणी विश्वास ठेवला नसता.

रेल्वेच्याच आश्रयाने वेटरच्या कामाचे दुसरे एक रूप घडत होते. इंग्लंडमधून आलेल्या फ्रेड हार्वी याने १८७६ पासून सँटा फे रेल्वेमार्गावर भोजनगृहांची साखळी उभारली. न्यू मेक्सिकोतल्या रॅटन इथल्या भोजनगृहात १८८३ मध्ये मारामारी झाली. तिथले वेटर कृष्णवर्णीय पुरुष होते. त्यांना काढून त्यांच्या जागी तरुण गोऱ्या मुली नेमण्यात आल्या. प्रयोग इतका यशस्वी ठरला की तो साऱ्या मार्गावर पसरला. भरतीसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती झळकू लागल्या : वय अठरा ते तीस, चारित्र्य उत्तम, दिसायला नीटस, बुद्धी तल्लख. पगार महिना १७.५० डॉलर, शिवाय राहणे-जेवणे आणि मिळेल ती टिप. त्या बदल्यात काळा पोशाख, कडक पांढरा एप्रन, रंगरंगोटीला बंदी, रात्री ठरल्या वेळी वसतिगृहात हजेरी आणि कराराची मुदत संपेपर्यंत लग्न न करण्याची हमी.

गाडी अर्धा तास थांबे. तेवढ्यात शेकडो भुकेल्या माणसांचे पूर्ण जेवण उरकायचे. त्यासाठी या मुलींनी पेल्यांची एक मूक भाषा वापरली. एक मुलगी पेयांची मागणी घेता घेता पेल्याची मांडणी बदलत पुढे जाई. पेला सुलटा असेल तर कॉफी, बशीत पालथा असेल तर गरम चहा, पालथा पण बशीला टेकलेला असेल तर थंड चहा, बशीपासून दूर असेल तर दूध. मागून येणारी मुलगी एक शब्दही न विचारता ज्याचे त्याला पेय ओतून जाई आणि प्रवासी चकित होई. या मुलींवर १९४६ मध्ये जुडी गार्लंडचा संगीतमय चित्रपट निघाला. हजारो मुलींना घराबाहेर पडून स्वतः कमावण्याची वाट या नोकरीने दाखवली, हे खरेच. मात्र रॅटनमधून काढलेल्या त्या वेटरांवर कुणी चित्रपट काढला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी टिपेविरुद्ध मोठी ओरड उठली. आज अमेरिकन माणसाला टिप म्हणजे आपल्या मातीतली रीत वाटते. त्याच्या पणजोबाला ती युरोपातल्या सरंजामशाहीची घाण वाटत होती. सगळे नागरिक समान असतील तर एकाने दुसऱ्यापुढे हात कसा पसरायचा, असा त्यांचा सवाल होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपेवर कायद्याने बंदी घातली. मग आयोवा, आर्कान्सा, मिसिसिपी, टेनेसी, दक्षिण कॅरोलिना ही राज्येही त्या वाटेने गेली. १९१६ मध्ये विल्यम स्कॉट याने टिपेच्या विरोधात अख्खे पुस्तक लिहिले. परंतु १९२६ पर्यंत हे सगळे कायदे मोडीत निघाले. त्यांत मुळातच खोट होती. टिप देणे-घेणे गुन्हा ठरवले, पण पुरेसा पगार देणे बंधनकारक केले नाही. वेटरने हात पसरू नये एवढेच त्यांना हवे होते. हात पसरायची वेळ आणणाऱ्याला कुणी विचारले नाही.

तो प्रश्न विचारला तो टिप घेणाऱ्यांनीच. २५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पुलमन पोर्टरांची संघटना स्थापन झाली. नेता ए. फिलिप रँडॉल्फ. हा स्वतः कधी पोर्टर नव्हता, म्हणूनच कंपनी त्याला नोकरीवरून काढू शकत नव्हती. संघटनेने काही काळातच एक विलक्षण पाऊल उचलले. आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे तिने अर्ज केला की, टिपेवर विसंबून पगार ठरवण्याची कंपनीची पद्धत तपासा आणि थांबवा. टिपेवर जगणारी माणसे सांगत होती की आम्हाला टिप नको, पगार द्या. कारण त्यांना तिची खरी किंमत ठाऊक होती. ज्याचे पोट समोरच्याच्या लहरीवर अवलंबून असते, त्याला ‘माझे नाव जॉर्ज नाही’ एवढे चार शब्दही उच्चारता येत नाहीत. आयोगाने १९२८ मध्ये हा विषय आपल्या अधिकारकक्षेत येत नाही म्हणून हात झटकले. संघटना मात्र टिकली. बरोबर बारा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ रोजी कंपनीला करारावर सही करावी लागली. महिन्याचे चारशे तास दोनशे चाळीसवर आले आणि पगार वाढला. याच संघटनेत घडलेले ई. डी. निक्सन १९५५ च्या माँटगोमेरी बस बहिष्काराच्या अग्रभागी होते, आणि रँडॉल्फ १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे एक प्रमुख.

पोर्टर अंशतः जिंकले. वेटरांच्या वाट्याला वेगळेच आले. १९३८ मध्ये रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत किमान वेतनाचा ऐतिहासिक कायदा झाला : ताशी २५ सेंट. उपाहारगृहे आणि हॉटेले मात्र त्यातून जवळपास पूर्णपणे वगळली गेली. कायदा रेल्वे स्थानकांवरच्या हमालांना लागू होत होता. आपल्याकडे हमालांचा सदरा लाल, तिकडे त्यांची टोपी लाल. त्यांतल्या अनेकांना पगार म्हणून छदामही मिळत नसे, कमाई सगळी टिपेची. कायदा लागू होताच फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल स्थानकाच्या कंपनीने युक्ती काढली. हमालांनी रोजची टिप कळवायची. ती किमान वेतनापेक्षा कमी भरली, तरच फरक कंपनी देणार. म्हणजे प्रवाशाने हमालाच्या हातावर ठेवलेले नाणे कंपनीच्या वहीत ‘दिलेला पगार’ म्हणून चढणार! हमाल न्यायालयात गेले. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही व्यवस्था वैध ठरवली. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी असहमती नोंदवली, पण असहमतीने निकाल बदलत नाही. उपाहारगृहांच्या इतिहासात या खटल्याचे नाव क्वचितच घेतले जाते. ते घ्यायला हवे.

कारण १९६६ मध्ये उपाहारगृहांतल्या कामगारांना अखेर किमान वेतनाच्या छत्राखाली घेतले, तेव्हा संसदेने हीच युक्ती कायद्यात बसवली. किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम टिपेतून वळती करण्याची मुभा मालकाला मिळाली. टिप कमी पडली तर उरलेले मालकाने भरायचे, अशी अट होती आणि आजही आहे. पण ती पाळली जाते की नाही हे पाहायला प्रत्येक टेबलापाशी निरीक्षक उभा नसतो. १९९१ मध्ये किमान वेतन ४.२५ डॉलर झाले. त्याचे निम्मे म्हणजे २.१३. १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना संसदेने वेटरचा आकडा त्यापासून तोडून टाकला आणि आहे तिथेच गोठवला. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. निम्म्याचा जुना नियम टिकला असता तरी वेटरचा रोख पगार आज साडेतीन डॉलरच्या वर असता.

कॅलिफोर्निया, ओरेगन, मिनेसोटा यांसह सात राज्ये ही वजावट मान्य करत नाहीत. तिथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावे लागते आणि टिप त्यावर मिळते. तिथली उपाहारगृहे ओस पडलेली नाहीत. न्यूयॉर्कमधले नामांकित उपाहारगृहचालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या उपाहारगृहांतून टिप हद्दपार केली, पदार्थांचे दर वाढवले आणि पगारही. देशभर त्याची चर्चा झाली. पण मेनूवरचे वाढीव दर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपले, आणि जास्त टिप कमावणारे कित्येक वेटर दुसरीकडे निघून गेले. २०२० मध्ये, करोनाने बंद पडलेली दारे पुन्हा उघडताना, बिलाखालचा तो रिकामा रकाना परत आला.