दहावी पायली

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमचं कशेळे हे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं गाव. सगळा भाताचा मुलूख. दिवाळीच्या पुढेमागे खळी सारवली जायची, झोडणी व्हायची, आणि वारा बघून भात उफणलं की अब्बा पायली घेऊन राशीपाशी बसायचे. नऊ पायल्या कणगीसाठी, दहावी बाजूच्या गोणत्यात. लहानपणी मला वाटायचं, मोजताना ते चुकतात. पुढे कळलं की ही चूक नाही, हा ‘उश्र’ आहे. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा गरिबांचा. शेतकऱ्यानं स्वतः पाणी उपसून पीक काढलं असेल, तर विसावा. म्हणजे माणसानं घाम जास्त गाळला तर देणं निम्मं. धर्मशास्त्रातला हा हिशेब मला फार समंजस वाटतो.

मी सातवीत असताना नगर जिल्ह्यातले एक गुरुजी आमच्या भागात बदलून आले. आमच्या पडवीलगतच्या खोलीत ते भाड्यानं राहत. ते ख्रिस्ती होते. एकदा खळ्यावर उभे राहून त्यांनी अब्बांची मोजणी पाहिली आणि म्हणाले, ‘‘भाई, तुम्ही हे जे बाजूला काढताय ना, आमच्याकडे त्याला दशमांश म्हणतात.’’

अब्बा म्हणाले, ‘‘मग गुरुजी, तुमचं खळं कुठं?’’

गुरुजींनी खिशातून पाकीट काढून दाखवलं. पगाराच्या दिवशी त्यातला दहावा हिस्सा ते वेगळा काढत. ‘‘पाकीट आहे भाई,’’ ते हसून म्हणाले, ‘‘पण टाकायला पेटी नाही. आमची मंडळी इथं नाही ना!’’

ख्रिस्ती लोक आपल्या उपासक समाजाला ‘मंडळी’ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. दहावा हिस्सा आणि मंडळी यांचं नातं काय, हा प्रश्नही तेव्हापासूनच माझ्या मागे लागला. आज पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली, तरी तो सुटलेला नाही.

बायबलच्या जुन्या करारात दशमांश ठिकठिकाणी येतो. अब्राहाम, म्हणजे आमचे हजरत इब्राहिम, लढाईहून परतताना मलकीसदेक या याजकाला दहावा हिस्सा देतात. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात त्याची रीतसर व्यवस्था लागते. लेवी वंशाच्या वाट्याला जमीन नव्हती, देवळाची सेवा होती. म्हणून इतर वंशांनी पिकाचा दहावा भाग त्यांना द्यायचा, आणि लेव्यांनीही मिळालेल्यातून पुन्हा दहावा काढायचा. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवून लेव्यांबरोबर परका, पोरका आणि विधवा यांनाही पोटभर खाऊ घालायचं. म्हणजे ज्याच्या नावावर शेत नाही, त्यालाही हंगामात वाटा.

नव्या करारात मात्र सूर बदलतो. पुदिना, शेपू आणि जिरं यांचासुद्धा दशमांश काटेकोरपणे मोजणाऱ्या, पण न्याय आणि दया विसरणाऱ्या धर्मपंडितांना येशू खडसावतात. पौल तर टक्केवारी सांगतच नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवावं आणि कुरकुर न करता आनंदानं द्यावं, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणूनच ख्रिस्ती लोकांत आजही या विषयावर एकमत नाही. काही म्हणतात, दशमांश हा जुना नियम, तो आता बंधनकारक नाही. काही म्हणतात, दहावा हिस्सा ही तर सुरुवात, खरं दान त्यापुढे. कॅथलिक चर्च ऐपतीप्रमाणे द्या म्हणतं, आकडा घालून देत नाही. आणि हल्ली काही प्रचारक सांगतात की दहा द्या, देव शंभर करून देईल. त्यावर खुद्द ख्रिस्ती विचारवंतांनीच कडक टीका केली आहे, कारण मग ते दान राहत नाही, गुंतवणूक होते.

पण पौलानं गोळा केलेली एक वर्गणी मला फार महत्त्वाची वाटते. जेरुसलेममधले यहुदी ख्रिस्ती गरिबीत होते, आणि ग्रीक शहरांतले नवे ख्रिस्ती यहुदी नव्हते. या दोघांनी एका पंगतीला बसावं की नाही, यावरून त्या काळी कडाक्याचा वाद होता. अशा वेळी पौलानं ग्रीक मंडळ्यांना सांगितलं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडं थोडं बाजूला ठेवा, ते जेरुसलेमच्या गरिबांसाठी न्यायचं आहे. ज्यांची पंगत एक होत नव्हती, त्यांचं धान्य त्यानं आधी एक केलं. दान आणि ऐक्य यांची गाठ तिथं पडली.

ही गाठ सक्तीनं मारली की सुटते, हेही इतिहासानं दाखवलं आहे. इसवी सन ७७९मध्ये शार्लमेन राजानं दशमांश कायद्यानं सक्तीचा केला आणि युरोपात तो हजार वर्षं कर म्हणून वसूल झाला. आयर्लंडमध्ये तर कॅथलिक शेतकऱ्यांना अँग्लिकन चर्चसाठी दशमांश भरावा लागे. १८३०च्या दशकात त्यावरून तिथं दंगे झाले, रक्त सांडलं. फ्रान्समध्ये १७८९च्या क्रांतीनं तो रद्द केला. आपल्याकडेही दहावा हिस्सा अपरिचित नव्हता. चौथाईबरोबर वसूल होणारी सरदेशमुखी दहा टक्केच होती. पण सरदेशमुखी दिल्यानं कोणी कोणाचा भाऊ झाल्याचं ऐकिवात नाही!

आता गुरुजींच्या मुलखाकडे जाऊ. अमेरिकन मिशनरी १८१३मध्ये मुंबईत आले आणि १८३१मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांचं ठाणं झालं. १८४२मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. पुढे खेड्यापाड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या प्रामुख्यानं महार आणि मांग समाजांतल्या माणसांच्या. ही बलुत्यावर जगणारी माणसं. त्यांना दोन्हीकडून ऐकावं लागे. गाव म्हणे, पोटासाठी बाटले. आणि पाळकाचा पगार, शाळेचा खर्च समुद्रापलीकडून येई, त्यामुळे मिशनचा शब्द अखेरचा ठरे. १८५४-५५मध्ये अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन भारतात येऊन गेले. मंडळीनं आपला पाळक आपण निवडावा, आपण पोसावा, आपला कारभार आपण पाहावा, हा त्यांचा आग्रह.

शेतमजुराच्या घरी दहावा हिस्सा म्हणजे काय, याचा विचार आपण करायला हवा. दहा भाकरींतली एक. १८७६-७८चा दुष्काळ ज्या मुलखानं पाहिला, तिथं तर ती एक भाकरीही मोठी. तरीही ज्वारीची शेरभर कणसं, कोंबडी, अंडी असं काही ना काही उपासनेला यायचं. आजही आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांत हंगामाच्या सणाला असा माल वेदीपुढे मांडतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. दोन अंडी बाजारभावाच्या कितीतरी पटीनं जातात, आणि घेणारा कधी कधी तीच अंडी पुन्हा लिलावाला देतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची आठवण यावी असा हा प्रकार. मिझोराममध्ये १९१०पासून बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला ठेवत आल्या आहेत. देणाऱ्या हाताला ‘बाटला’ म्हणता येत नाही, हे गरिबांना पक्कं ठाऊक असतं. दशमांश हा त्यांच्यासाठी कर नव्हता, ते गावाला दिलेलं उत्तर होतं.

हेच उत्तर एका कवीनंही दिलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे नगरला राहून मिशनचं काम केलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे तो संसार मराठी वाचकाला आपल्या घरचा वाटतो. १९१७मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तभक्त त्यात एका पातळीवर बसावेत, ही त्यांची कल्पना. पगार सोडणं आणि दार उघडणं या दोन गोष्टी त्यांनी एकाच वर्षी केल्या, हा मला योगायोग वाटत नाही. परक्याच्या पैशावर उभं राहिलेलं घर सगळ्यांचं होत नाही, हे त्यांना कळलं होतं. १९१९मध्ये ते गेले आणि दरबार फार चालला नाही. पण प्रश्न खरा होता.

कारण तोवर मंडळ्याच अनेक झाल्या होत्या. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनबरोबर एस.पी.जी. ही इंग्लंडची अँग्लिकन संस्थाही होती. एकांकडे बिशप नाही, प्रत्येक मंडळी स्वतंत्र. दुसऱ्यांकडे बिशपशिवाय पान हलत नाही. हे भेद बोस्टन आणि लंडनमध्ये जन्मले आणि आपल्या ज्वारीच्या शेतात येऊन रुजले. गुरुजींचे वडील अमेरिकन मिशनचे, आई एस.पी.जी.च्या घरातली. गुरुजी सांगत, ‘‘आमच्याकडे रविवारी दोन घंटा वाजायच्या. आई तिच्या घंटेकडे कान देऊन वडिलांच्या मागे चालायची.’’

ऐक्याची बोलणी १९२९मध्ये लखनौला सुरू झाली आणि तब्बल एकेचाळीस वर्षं चालली. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. सहा पंथ एकत्र आले. त्यात अँग्लिकन होते, नगरच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या ज्यात सामील झाल्या होत्या ते युनायटेड चर्च होतं, डहाणूकडचे ब्रदरन होते. लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त समजत्या वयात देणारे, दोघांनी एकमेकांची रीत मान्य केली. दक्षिण आशियाचं मोठं मेथडिस्ट चर्च मात्र ऐन वेळी बाहेर राहिलं. कॅथलिक, मुक्तिफौज हे तर वेगळेच. तरीही गुरुजींच्या गावात आईची घंटा आणि वडिलांची घंटा कागदावर एक झाली.

‘कागदावर’ असं मी जाणूनबुजून म्हणतो. पंथ एक झाले तरी जमीन, इमारती, हिशेब यांवरून माणसं भांडायची राहत नाहीत. आमच्या जमातींतही राहत नाहीत, देवस्थानांतही राहत नाहीत. गुरुजी कशेळ्यात असतानाच त्यांच्या मंडळीत फूट पडली. कारण जागेचं होतं, प्रकरण कोर्टात गेलं. दोन गट, दोन उपासना आणि दोन पेट्या झाल्या. गुरुजी दर वर्षी पाकिटं घेऊन गावी जात. त्या वर्षी ती तशीच घेऊन परतले.

संध्याकाळी ते अब्बांकडे आले. म्हणाले, ‘‘भाई, ही अमानत ठेवाल?’’

अब्बांनी विचारलं, ‘‘का गुरुजी? तिकडे देव नाही का?’’

गुरुजी म्हणाले, ‘‘आमच्या प्रभूनं सांगितलंय, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याशी वाकडं आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी भावाकडे जा. मी कुठल्याही पेटीत टाकलं तरी अर्ध्या मंडळीशी वाकडं होणार.’’

दोन वर्षं ती पाकिटं आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती, उश्राच्या हिशेबाच्या वहीशेजारी. प्रत्येकावर महिना लिहिलेला. शिक्षकाचा पगार तेव्हा हजाराच्या आत होता आणि गुरुजींना तीन मुलं होती. नड पडली तेव्हा त्यांनी अब्बांकडून उसने घेतले, पण स्वतःच्या पाकिटाला हात लावला नाही. घरोघर जाऊन समजूत घालण्यात मात्र त्यांची प्रत्येक सुट्टी गेली.

तिसऱ्या वर्षी हंगामाच्या सणाआधी ते ट्रंकेपाशी आले. चोवीस पाकिटं मोजून घेतली. अब्बांनी विचारलं, ‘‘मिटलं का?’’

‘‘कोर्टातलं नाही मिटलं,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘पण यंदा लिलाव एकच आहे.’’

अब्बांनी गोणत्यातलं पायलीभर भात त्यांच्या पिशवीत ओतलं. उश्र नव्हे, आपल्या वाट्याचं. म्हणाले, ‘‘हेही लिलावाला ठेवा.’’ ते भात केवढ्याला गेलं, हे गुरुजींनी परत आल्यावर सांगितलं होतं. आकडा मी विसरलो. ते घेताना दोन्ही गटांचे म्हातारे एकमेकांवर बोली चढवत होते, एवढं मात्र लक्षात आहे.