वृद्धाश्रमात बाग असते, मग दाराला कुलूप का? आजी-आजोबांना बागेचा नेमका फायदा काय?

वृद्धाश्रमाच्या माहितीपत्रकात हिरवळीचा फोटो हमखास असतो. पण प्रत्यक्षात गेलं की काही ठिकाणी त्या हिरवळीकडे जाणारं दारच बंद सापडतं. कोणी पडलं तर काय, ही त्यामागची भीती. ती खोटीही नाही. उतारवयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळू शकतो.

मग बाग खिडकीतून पाहिली तरी पुरे का?

थोडा फायदा होतो. १९८४ साली रॉजर अल्रिच यांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, तर २३ जणांना विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली आणि ते सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले. अर्थात हे सगळे वृद्ध नव्हते आणि त्यांना घरी परतायचं होतं. वृद्धाश्रमातला मुक्काम तसा नसतो.

कुंडीला पाणी कोण घालणार?

वृद्धांवरचा गाजलेला प्रयोग १९७६ चा. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी तो कनेक्टिकटमधल्या एका नर्सिंग होममध्ये केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोपटंही दिलं, काळजी त्यांनीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी नर्स घालणार होत्या.

तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त आनंदी आणि हालती-फिरती दिसली. दीड वर्षाने पाहिलं तर तिथल्या ४७ पैकी ७ जण दगावले होते, दुसऱ्या गटात ४४ पैकी १३. हा आकडा सोशल मीडियावर चमत्कारासारखा फिरतो, म्हणून जरा थांबा. गट लहान होते. पुढे संशोधकांनीच आकडेमोडीतली चूक दुरुस्त केली आणि मृत्यूंमधला फरक आधी वाटला तेवढा ठाम राहिला नाही. शिवाय श्रेय एकट्या रोपट्याचं नाही, निर्णय स्वतः घेता आले याचंही आहे. पण रोपटी दोन्हीकडे होती, हे विसरून चालणार नाही.

शरीराचं गणित सोपं आहे. सकाळच्या उजेडाने झोपेचं चक्र सुधारायला मदत होते, चालणं होतं, माती उकरताना बोटांना काम मिळतं. डिमेन्शिया असलेल्यांबाबत एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १७ अभ्यास एकत्र तपासले. बागेत वेळ घालवणाऱ्यांची अस्वस्थता कमी होते, असा कल त्यात दिसला.

न पडता बागेत कसं जायचं?

पायवाट गोल हवी, फिरून पुन्हा दाराशीच येणारी. वाट मध्येच संपली की विसराळू माणूस गोंधळतो. कठडा हवा आणि थोड्या थोड्या अंतरावर पाठ टेकता येईल असा बाक. वाफे कमरेएवढ्या उंचीवर बांधले तर वाकावं लागत नाही, व्हीलचेअरही जवळ नेता येते.

आपल्याकडे खरी अडचण पावसाळ्याची. गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरलं की चालणं धोक्याचं, म्हणून खरखरीत फरशी लावायची आणि ती घासत राहायची. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू द्यायचं नाही, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. कण्हेर विषारी असते, ती नको. मोगरा, तुळस, गवती चहा, कढीपत्ता लावला तर वास ओळखीचे असतात आणि स्वयंपाकघरातही काहीतरी पोचतं.

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम पाहायला जाल तेव्हा बागेचं दार किती ते किती उघडं असतं, हे विचाराच. आणि झाडांना पाणी कोण घालतं, तेही. उत्तर 'माळी येतो' असं आलं, तर एखादा वाफा तिथे राहणाऱ्यांकडे देता येईल का, एवढं नक्की विचारून पाहा.