मोठ्या वाद्यवृंदातील जॅझ गिटार : छोटा ॲम्प्लिफायर निवडताना

धारूर : बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या, किल्ल्यामुळे किल्लेधारूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात राहून जॅझ गिटार शिकणाऱ्याला एक अडचण हमखास भेडसावते. ज्या ॲम्प्लिफायरवर तो मुंबई-पुण्यातील मोठ्या वाद्यवृंदात वाजवणार, तो खरेदीपूर्वी ऐकून पाहण्याची सोय जवळपास नसते. माहितीपत्रकातील आकडे वाचूनच निर्णय घ्यावा लागतो. त्यातही एसटीने परळी वैजनाथ गाठायचे आणि तेथून रेल्वे पकडायची, म्हणजे तो एका हाताने उचलता येईल असाच हवा. वजन कमी, पण पंधरा-सतरा वादकांत गिटार ऐकू तर गेली पाहिजे, असा हा पेच आहे. तो सोडवताना बहुतेक जण केवळ वॅटचा आकडा पाहतात आणि तेथेच फसतात.

गिटार मागे का पडते?

जॅझच्या 'बिग बँड'मध्ये साधारणपणे पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, डबल बास, ड्रम व गिटार अशी वाद्ये असतात. पितळी वाद्यांपुढे गिटारचा नैसर्गिक आवाज तोकडा पडतो. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून १९८७ पर्यंत गिटार वाजवणाऱ्या फ्रेडी ग्रीन यांनी ॲम्प्लिफायरविना केवळ तालाची साथ करण्याचा मार्ग पत्करला. एकल वादन करायचे तर मात्र विजेचा आधार अटळ होता. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये 'ईएस-१५०' ही विद्युत गिटार बाजारात आणली आणि १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्याकडे दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन यांनी तिला सॅक्सोफोनच्या पंक्तीत नेऊन बसवले.

महाराष्ट्रालाही हा नाद जुना आहे. लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. पुढे गोमंतकीय वादकांनी ही परंपरा जोपासली. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्यांमुळे ती सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतातही उतरली. मुंबईतच वाढलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडन गाठून तेथे नाव कमावले. १९७८ मध्ये मुंबईत 'जॅझ यात्रा' महोत्सव सुरू झाला.

वॅट आणि आवाज

वॅट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज असते. याउलट ज्या आकड्याकडे दुर्लक्ष होते, तो म्हणजे स्पीकरची संवेदनक्षमता : १ वॅट शक्ती दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, याचे माप. १०० डेसिबल क्षमतेच्या स्पीकरला ५० वॅट आणि ९४ डेसिबलच्या स्पीकरला २०० वॅट दिले, तर दोघांचा कमाल आवाज जवळपास सारखाच, सुमारे ११७ डेसिबल भरतो. म्हणूनच '२०० वॅट' असे ठळक छापलेला इवलासा डबा नेहमीच वरचढ ठरतो असे नाही.

स्पीकरचा आकारही महत्त्वाचा. १२ इंची स्पीकरच्या पडद्याचे क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोनपट असते. त्यामुळे तितकाच आवाज काढताना त्याला ताण कमी पडतो.

स्वर फाटू नये

रॉक संगीतात फाटलेला स्वर हवाहवासा असतो, जॅझमध्ये बहुधा तो स्वच्छ लागतो. चार-पाच स्वरांचे कॉर्ड वाजवताना स्वर फाटला, तर सुरावटीची सारी गुंफण विस्कटते. तेव्हा कमाल आवाज किती, यापेक्षा स्वच्छ आवाज कोठपर्यंत मिळतो, हा प्रश्न विचारावा. फेंडर 'डिलक्स रिव्हर्ब' हा २२ वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर छोट्या मैफलीत कानाला गोड लागतो, मोठ्या बँडपुढे मात्र लवकर दमतो. त्याच कंपनीचा ८५ वॅटचा 'ट्विन रिव्हर्ब' किंवा १२० वॅटचा रोलँड 'जेसी-१२०' तेथे निभावून नेतो, परंतु त्यांचे वजन २८-२९ किलोच्या घरात जाते.

ट्रान्झिस्टर तंत्रज्ञानाने यातून वाट काढली. जॅझ गिटारवादकांच्या पसंतीस उतरलेले पॉलिटोन कंपनीचे 'मिनी ब्रूट' १९७० च्या दशकात आले. अलीकडच्या 'क्लास डी' रचनेत आणि निओडिमियम चुंबकाच्या स्पीकरमुळे वजन आणखी घटले. एईआर 'कॉम्पॅक्ट ६०' हा ६० वॅटचा, ८ इंची स्पीकरचा ॲम्प्लिफायर जेमतेम साडेसहा किलोचा आहे.

छोट्या पेटीतून खर्ज कमी निघतो, ही तक्रार मोठ्या वाद्यवृंदात फारशी लागू होत नाही. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, परंतु तो खालचा प्रदेश डबल बास आणि पियानोच्या डाव्या हाताचा असतो. गिटारने तेथे गर्दी केली, तर सारेच गढूळ होते. ऐकू जायचे तर मधले स्वर स्पष्ट हवेत. त्यासाठी खर्ज उतरवून मध्यसप्तकाची कळ थोडी चढवावी. पोकळ गिटार खर्जातच शिट्टी मारू लागते, तिलाही त्यामुळे आळा बसतो.

जागा आणि वीज

ॲम्प्लिफायर जमिनीवर ठेवल्यास आवाज वादकाच्या पोटऱ्यांवर आदळतो. कानाला तो कमी वाटतो, वादक कळ चढवतो आणि पुढे बसलेले सॅक्सोफोनवाले वैतागतात. तो खुर्चीवर ठेवावा किंवा मागे कलता करावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. त्यामुळे मोठ्या सभागृहात सारा भार या छोट्या पेटीवर टाकण्याऐवजी ध्वनियंत्रणेला जोडण्यासाठी 'लाइन आउट' असलेलाच नमुना घ्यावा. मग ॲम्प्लिफायरने केवळ वादक आणि शेजारी यांच्यापुरते काम केले तरी भागते.

परदेशातून मागवताना वीजदाब तपासणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टची असतात, आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा आहे. तसे यंत्र थेट जोडल्यास ते जळण्याचा धोका असतो. अर्थिंगची तिसरी पिन काढून वापरणे तर जिवावर बेतू शकते.

खरेदीचा निकष

दहा ते सतरा वादकांच्या बँडसाठी किमान ५० ते ६० वॅटचा ट्रान्झिस्टर किंवा 'क्लास डी' ॲम्प्लिफायर, शक्यतो १० किंवा १२ इंची स्पीकर, ९७ डेसिबलच्या आसपास संवेदनक्षमता, 'लाइन आउट' आणि १२ किलोपेक्षा कमी वजन, हा समतोल साधणारा निकष म्हणता येईल. स्पीकर ८ इंची असेल, तर 'लाइन आउट' अनिवार्य समजावा. ऑनलाइन खरेदीत परतीची मुदत आधी पाहून घ्यावी आणि त्या मुदतीतच कसोटी उरकावी : कळ तीन-चतुर्थांश चढवून जाड तारांवर भरगच्च कॉर्ड वाजवावा आणि दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो का, ते विचारावे. बंद खोलीत एकट्याने वाजवताना भारदस्त वाटणारा आवाज चार ट्रम्पेटपुढे टिकतोच असे नाही. शक्य झाल्यास एक तालीम पितळी वाद्यांच्या सोबतीने करावी आणि मगच खोके फेकून द्यावे.