फोटोशॉप–फ्लॅश जोडपद्धती

संकेतस्थळ रचताना स्थिरचित्रे अ‍ॅडोबी फोटोशॉपमध्ये तयार करायची आणि त्यांना हालचाल, आवाज व बटणे फ्लॅशमध्ये द्यायची, ही कामाची रीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून साधारण २०१० पर्यंत ती जगभर रूढ होती. चित्रपटांची प्रसिद्धिस्थळे, जाहिरातसंस्था, बांधकाम व्यावसायिक, वाद्यवृंद अशा ‘दिसण्या’वर भिस्त असलेल्या ग्राहकांकडून तिला विशेष मागणी असे.

दोन्ही सॉफ्टवेअर वेगळ्या घरांतली. थॉमस व जॉन नोल या भावांनी घडवलेले फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये फक्त मॅकिंटॉशसाठी बाजारात आले. लेयरची, म्हणजे चित्राचे भाग वेगवेगळ्या थरांत ठेवण्याची, सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाली. फ्लॅशचे मूळ जोनाथन गे यांच्या फ्यूचरवेव्ह कंपनीच्या ‘फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर’ (१९९६) या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मॅक्रोमीडियाने ती कंपनी विकत घेतली आणि नाव आखडून ‘फ्लॅश’ केले. फोटोशॉपचे चित्र पिक्सेलांचे. फ्लॅशची आकृती गणिती रेषांची, म्हणजे व्हेक्टर. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही आणि फाइलही हलकी राहते. हा हलकेपणा तेव्हा निर्णायक होता. ५६ किलोबिटच्या मोडेमवर सगळे सुरळीत चालले तरी सेकंदाला जेमतेम ७ किलोबाइट येत, म्हणजे ७० किलोबाइटच्या एका छायाचित्रासाठी दहा सेकंद ताटकळावे लागे.

काम बहुधा फोटोशॉपमध्ये सुरू होई. संपूर्ण पानाचा आराखडा एकाच पीएसडी फाइलमध्ये रंगवून ग्राहकाची मान्यता घेतली जाई. मग स्लाइस टूलने पानाचे तुकडे पाडून ते एचटीएमएलच्या तक्त्यांत बसवत. वेबसाठी चित्र हलके करून साठवण्याची आज्ञा फोटोशॉप ५.५ (१९९९) मध्ये आली. जे भाग हलवायचे, म्हणजे शीर्षपट्टी, मेनू, बोधचिन्ह, त्यांचे लेयर वेगळे काढून पीएनजी स्वरूपात फ्लॅशच्या लायब्ररीत घेतले जात. तिथे त्यांचे सिम्बॉल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारे घटक, करणे हे शहाणपणाचे. सिम्बॉल फाइलमध्ये एकदाच साठतो. स्टेजवर, म्हणजे फ्लॅशच्या दृश्यपटावर, त्याच्या पन्नास प्रती ठेवल्या तरी वजन फारसे वाढत नाही.

या जोडीचा खरा फायदा एका आडबाजूच्या सोयीत होता. जेपीईजी हलके, पण त्याला पारदर्शकता नाही. पीएनजीला ती आहे, पण छायाचित्रासाठी ते जड पडते. फ्लॅशमध्ये पारदर्शक पीएनजी आणून त्यावर जेपीईजीचे संकोचन लावले, तर प्रकाशित एसडब्ल्यूएफ फाइलमध्ये रंग जेपीईजीचे आणि कडा पारदर्शक, असे दोन्ही साधत असे. मऊ केसांच्या कडेचा माणूस हलत्या पार्श्वभूमीवर उभा करणे तेव्हाच्या साध्या एचटीएमएलला जमत नसे.

बिघडत असे ते सांध्यावर. फ्लॅशची शीर्षपट्टी आणि खालचे एचटीएमएलचे पान एकाच रंगाचे दिसायला हवेत; पण पट्टीतली पार्श्वभूमी जेपीईजी असेल तर संकोचनात तिचा रंग किंचित सरकतो आणि मधे रेघ दिसते. उपाय सोपा होता: सपाट रंग चित्रात ठेवायचाच नाही, दोन्हीकडे एकच रंगसंकेत टाइप करायचा. दुसरे दुखणे पांढऱ्या कडेचे. जीआयएफमध्ये पिक्सेल पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक, अधलेमधले काही नाही. पांढऱ्यावर कापलेले बोधचिन्ह गडद मरून पट्टीवर ठेवले की भोवती पांढरी किनार उमटे; कापतानाच मॅट, म्हणजे कडांत मिसळायचा रंग, मरून निवडला असता तर ती दिसली नसती. तिसरे, फ्लॅशमध्ये चित्राचे स्थान अपूर्णांकात असले, म्हणजे क्ष १२०.४ वगैरे, तर ते धूसर होई. पूर्णांक लिहिताच ठसठशीत.

मराठी स्थळांपुढे आणखी एक अडचण होती. फाइलमध्ये अंतर्भूत केलेल्या युनिकोड देवनागरी फाँटची जुळणी जुन्या फ्लॅशला येत नसे: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येण्याऐवजी नंतर पडे, जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. गुंतागुंतीच्या लिप्या हाताळणारे मजकूरयंत्र फ्लॅश प्लेअर १० मध्ये, २००८ साली आले. तोवर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणारा श्रीलिपी किंवा आयएसएमचा जुना फाँट वापरून अक्षरे टाकत आणि ‘ब्रेक अपार्ट’ या आज्ञेने त्यांच्या आकृत्या करत, नाहीतर शीर्षक फोटोशॉपमध्येच रंगवून चित्र म्हणून आणत. दिसायला झकास, पण पडद्यावर मराठी दिसणारे हे अक्षर संगणकाच्या लेखी रोमन अक्षर, आकृती किंवा चित्र होते. शोधयंत्राला ते मराठी म्हणून वाचता येत नसे, वाचकाला मराठी म्हणून उतरवून घेता येत नसे. त्या काळातल्या कितीतरी मराठी स्थळांवरचा मजकूर याच कारणाने शोधात कधी सापडलाच नाही.

अ‍ॅडोबीने २००५ मध्ये मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि दोन्ही सॉफ्टवेअर एका छताखाली आली. २००७ च्या सीएस३ संचात पीएसडी फाइल लेयरसकट थेट फ्लॅशमध्ये उघडू लागली; एकेक लेयर हाताने काढण्याची कटकट संपली. गंमत अशी, की त्याच वर्षी आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालतच नव्हते.

फ्लॅशवर टीका त्याआधीच सुरू झाली होती. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० मध्ये फ्लॅशचा ९९ टक्के वापर वाईट ठरवला, आणि प्रत्येक स्थळाच्या दारात ‘स्किप इंट्रो’ दाबावे लागणाऱ्यांना ते पटले असणार. एप्रिल २०१० मध्ये आयफोनची निर्माती कंपनी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्रातून सुरक्षितता, बॅटरी व बंदिस्तपणा यांवर बोट ठेवले. नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने मोबाइल ब्राउझरसाठी फ्लॅशचा विकास थांबवला. सीएसएसमध्ये गोल कोपरे, सावल्या आणि हालचाली आल्या, तसे स्लाइस पाडण्याचे कारणही उरले नाही. फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. १२ जानेवारी २०२१ पासून त्यातून मजकूर चालणेही बंद झाले.

कामाची वाटणी मात्र टिकली. आज फोटोशॉपचे लेयर आफ्टर इफेक्ट्समध्ये हलवून वेबसाठी व्हिडिओ काढतात. व्हेक्टर आकृत्या असतील तर आफ्टर इफेक्ट्सच्या ‘बॉडीमूव्हिन’ या जोडसॉफ्टवेअरने हालचालीची ‘लॉटी’ फाइल काढतात. लॉटी एअरबीएनबीने २०१७ मध्ये खुले केले. फ्लॅशचे संपादक सॉफ्टवेअर २०१६ पासून ‘अ‍ॅनिमेट’ नावाने आले; त्यात एचटीएमएल५ कॅनव्हासवर प्रकाशनाचीही सोय आहे. जुन्या एसडब्ल्यूएफ फाइली ‘रफल’ या मुक्त अनुकरणकाने ब्राउझरमध्ये चालवता येतात. दुरुस्ती करायची असेल तर फ्लॅशच्या मूळ एफएलए आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाइली लागतात. त्यामुळे जुन्या सीडी टाकून देण्यापूर्वी या दोन प्रकारच्या फाइली आधी उतरवून घ्याव्यात.