धवळ्याचा माग

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आगरी घरांच्या लग्नात मांडव, घाणा, हळद अशा विधींच्या क्रमाने जी गीते गायिली जातात त्यांना धवले, आणि ती गाणाऱ्या, बहुधा वयस्क स्त्रीला धवलारीन म्हणतात; आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो हे ध्यानात घेतले की त्यामागचा पोथ्यांतील ‘धवळा’ आणि त्याही मागचा संस्कृत ‘धवल’ सहज ओळखू येतो.

महानुभाव पंथातील कवयित्री महदंबेच्या धवळ्यांपासून ही परंपरा सुरू झाली असे पुष्कळदा सांगितले जाते, परंतु कालक्रम त्याला अनुकूल नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त विवाहप्रसंगी धवल गावा आणि महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे सांगितले आहे; तेराव्या शतकात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त धवलाचे कीर्ती, विजय आणि विक्रम असे तीन प्रकार सांगून तो आशीर्वचनांनी युक्त असावा असा नियम घातला. गुजरातीतील ‘धोळ’ हाही याच शब्दाचा वंशज असल्याने हे गीत एका जातीचे वा एका प्रांताचे मानता येत नाही.

महदंबेने, म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या शिष्या महदाइसेने, ऋद्धिपुरी चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांनी स्वतःच्या लग्नाचा आग्रह धरल्यामुळे सुमारे १२८६-८७ मध्ये श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे गायिले, ते प्रसंगी सुचत गेले तसे. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्यांत बंद राहिलेले हे काव्य विसाव्या शतकात छापले गेले. तेव्हा महदंबेने धवळा निर्माण केला नाही, तर बायकांच्या तोंडी आधीच असलेला घाट उचलला, आणि तिच्या एका गायनाचे लिखित रूप टिकले, इतकेच म्हणणे रास्त ठरते.

कर्जतकडील धवल्यांचा पाठ मुळात स्थिर नसतो. घाणा भरताना, म्हणजे आंब्याची पाने बांधलेल्या मुसळांनी सुवासिनी हळकुंडे कांडत असताना, धवलारीन नवरा-नवरीची, करवलीची आणि कुळाची नावे विचारून घेते आणि ती त्याच ओळींत बसवते; दुसऱ्या घरी गेल्यावर निम्मे गीत बदललेले असते. सोमेश्वराने वेगळ्या सांगितलेल्या कांडणाची ओवी आणि विवाहाचा धवल या दोन गोष्टी इथे एकाच उखळाभोवती भेटतात, आणि ही गोष्ट ग्रंथांच्या वंशावळीपेक्षा अधिक बोलकी आहे.

या भागाच्या जुन्या सरकारी नोंदी पाहणाऱ्याने ठाण्याचा १८८२चा गॅझेटिअर खंड उघडावा, कुलाब्याचा, म्हणजे आजच्या रायगडाचा, नव्हे, कारण कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. अलीकडचे पाठ मोबाइलवर नोंदले जातात; त्यांत बहुधा मांडवातल्या ध्वनिक्षेपकावर मोठ्याने वाजणारे हळदीचे गाणे ठळक ऐकू येते, आणि धवलारीन त्याच्या खालून, नावे विचारत, आपली ओळ पुरी करत असते.