शेख सईद अल मक्तूम वाडा, शिंदाघा

दुबईच्या मक्तूम राजघराण्याचे जुने निवासस्थान, सध्या संग्रहालय. बर दुबईच्या उत्तर टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथल्या शिंदाघा नावाच्या चिंचोळ्या भूभागावर हा वाडा उभा आहे. ‘बर’ म्हणजे मुख्य भूमी. खाडीपलीकडचा भाग देरा. शेख मक्तूम बिन हशर यांनी 1896 मध्ये हा वाडा बांधला. त्यांचे पुत्र शेख सईद यांनी 1912 ते 1958 असा प्रदीर्घ काळ दुबईवर राज्य केले आणि मृत्यूपर्यंत ते इथेच राहिले. म्हणून वाडा त्यांच्या नावाने ओळखला जातो. जागा हेरून निवडलेली आहे. गच्चीवरून खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत दिसे, आणि ज्या गावाचे उत्पन्न गलबतांवर चालते तिथल्या राज्यकर्त्याला याहून सोयीची बैठक कोणती?

मराठी पाहुण्याला वाड्याची रचना फारशी परकी वाटत नाही. मधे मोकळा चौक, भोवती दुमजली सोपे, प्रवेशाजवळ पुरुष पाहुण्यांसाठी ‘मजलिस’ म्हणजे आपला दिवाणखाना, आणि बायकामाणसांचा वावर आतल्या अंगाला. बाहेरच्या भिंती जवळजवळ मुक्या. सगळा मोकळेपणा चौकाकडे. फरक आहे तो सामग्रीचा. भिंती समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडाच्या, वर चुन्या-जिप्समचा गिलावा. हा दगड सच्छिद्र आणि हलका असल्याने उन्हाची धग सहजी आत झिरपत नाही. छताच्या वाशांसाठी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून खारफुटीचे सोट येत; त्यांची लांबी बेताची, म्हणून जुन्या दुबईतल्या खोल्या लांबट पण अरुंद. दारे-खिडक्यांचे सागवान हिंदुस्थानातले. वाळवंटाच्या काठावर उभे असलेले हे घर असे जवळजवळ सगळे समुद्रमार्गे आलेले आहे.

छतावरचे ‘बरजील’, म्हणजे वाऱ्याचे मनोरे, ही वाड्याची ओळख. मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत कर्णरेषांत पडदीभिंती असतात. वारा कोणत्याही दिशेचा असो, त्या बाजूच्या कप्प्यात अडकून तो खाली खोलीत उतरतो आणि उरलेल्या कप्प्यांतून खोलीतली गरम हवा वर निघून जाते. ही युक्ती इराणी किनाऱ्यावरची. 1894 मध्ये सत्तेवर आल्यावर शेख मक्तूम यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करसवलती दिल्या, तेव्हा पलीकडच्या काठावरून आलेल्या सौदागरांनी ती बर दुबईत रुजवली. त्यांच्यापैकी अनेकांचे मूळ गाव बस्तक; त्यावरून त्यांच्या वस्तीला बस्तकिया म्हणत. आज तिचे नाव अल फहिदी.

मळेवाल्याच्या कोठीमागे जसा मळा असतो, तसा या वाड्यामागे मोत्यांचा धंदा होता. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने गलबते शिंपल्यांच्या तळावर जात. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली उतरत. नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, त्यांना हंगामाआधी उचल देई आणि ती बहुधा फिटत नसे. (आपल्या कोकणातला नाखवा याच शब्दाचा भाऊ.) पाणबुड्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. निघालेला माल मोठ्या प्रमाणावर मुंबईला जाई. तिथे मोती निवडले, ओवले जात आणि पुढे युरोपात पोचत. जपानी संवर्धित मोती आणि 1929 नंतरची जागतिक मंदी यांनी हा धंदा मोडला. त्या टंचाईच्या काळात, 1938 मध्ये, व्यापाऱ्यांनी आणि राजघराण्यातल्याच काहींनी एक मजलिस (इथे अर्थ सल्लासभा) स्थापून शेख सईद यांच्या अधिकारांना लगाम घातला. मार्च 1939 मध्ये, युवराज रशीद यांच्या विवाहाच्या दिवशी, ती बळाने मोडण्यात आली.

मूळ इमारत पुढे मोडकळीस आली. 1980च्या दशकात तिची पुनर्बांधणी होऊन 1986 मध्ये संग्रहालय खुले झाले. आपण पाहतो त्यातले बरेचसे काम त्यामुळे नवे आहे, हे ध्यानात ठेवूनच कोरीव जाळ्यांवर खूश व्हावे. संग्रहालयाचा लौकिक मात्र जुन्या छायाचित्रांमुळे आहे: खाडीकाठची खजुरीच्या झावळ्यांची घरे, गलबते, मोत्यांचे सौदे. सोबत नकाशे, करारपत्रे, नाणी आणि टपाल तिकिटे. नाण्यांपाशी मराठी माणूस हमखास रेंगाळतो, कारण 1966 पर्यंत इथे रुपयाच चाले. 1959 मध्ये आखातासाठी रिझर्व्ह बँकेने वेगळा रुपया काढला होता. दुबईतले पहिले टपाल कार्यालयही 1909 मध्ये हिंदुस्थानच्या टपाल खात्याने उघडले.

वाड्याभोवतीची जुनी घरे आता शिंदाघा संग्रहालयाच्या विस्तृत संकुलात सामावली आहेत; त्यांतले अत्तरांचे दालन चुकवू नये. मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील अल घुबैबा हे जवळचे स्थानक. देराहून यायचे तर एका दिरहमात ‘अब्रा’ नावाची होडी खाडी ओलांडून देते, आणि मग कापडबाजारातून काठाकाठाने चालत येता येते. हिवाळ्यातली संध्याकाळ सर्वांत सुखाची. बरजीलची खरी परीक्षा घ्यायची असेल, तर मात्र जूनमधल्या दुपारी त्याच्याखाली उभे राहावे.